लोळा काढलेली घंटा

प्रिय ठकू,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे, असं पहिल्याच ओळीत लिहिणार होतो. पण खोट्याने सुरुवात केली तर पुढचं माझ्याच्याने लिहवणार नाही. कुणी अंथरुणाला खिळलेलं नाही, काही पडझड नाही. पण मला भीती वाटते आहे. गेले कितीतरी दिवस वाटते आहे, आणि ती आईच्या तुझ्याकडे येण्याची आहे. पुढच्या आठवड्यात ती तुझ्याकडे पोचेल, मग तुझी रजा संपेल, तू कामावर जाशील. तू बाहेरून दार ओढून घेतलंस की आत आई आणि बाळ, एवढे दोघंच उरतील. ते बंद दार सारखं माझ्या डोळ्यांसमोर येतं. का, ते सांगायला मला जरा लांबून यावं लागेल. फोनवर सांगता आलं असतं, पण फोन हातात घेतला की आई आसपास वावरत असते. ती ऐकेल म्हणून दर वेळी हवापाण्याचं बोलून ठेवून देतो. म्हणून मागच्या खोलीत बाकड्यावर बसून हे लिहितो आहे. कागदावर भुसा दिसला तर झटकून टाक.

आधी घराची खबर. फाटकाला हिरवा रंग दिला. रंग ओला आहे अशी पाटी लावायला विसरलो, आणि शेजारचे ड्रायव्हरकाका नेहमीसारखे फाटकावर कोपरं टेकून गप्पा मारायला उभे राहिले. पांढऱ्या शर्टाच्या दोन्ही बाह्या हिरव्या. रागावले नाहीत. म्हणाले, "असू द्या, कुठं गेला होता म्हणून घरात विचारणारच होते, आता पुरावा झाला." न्हाणीच्या नळाचा वायसर मी बदलला. पूर्वी तो थेंब थेंब गळायचा, आता धार धरून गळतो. तुझी आई म्हणते, "तुमच्या हाताला यश आहे, पण ते नळाला मिळतं." बाळाचा पाळणा मात्र मनासारखा झाला आहे. चार भाग सुटे होतात, पुन्हा जोडता येतात, खिळा एकही नाही. कडा मी काचकागदाने इतक्या घासल्या आहेत की गालावरून फिरवल्या तरी टोचू नयेत. घासताना आधी मनाला बरं वाटायचं. अलीकडे घासता घासता हात थांबतो.

आता दोरीचं सांगतो. तुला ती आठवत असेलच, लहानपणी तू तिला लोंबकळायचीस आणि दोनदा कप्पी उखडून आणली होतीस. मागची खोली बांधली तेव्हा पहिला प्रश्न आला तो हाकेचा. लग्न झाल्यापासून मी तुझ्या आईला नावाने हाक मारलेली नाही. "अगं, ऐकलंस का" हीच माझी हाक. घरात ती चालते. पण सगळं अंगण ओलांडून, ड्रायव्हरकाकांच्या भिंतीवरून "ऐकलंस का" म्हणून ओरडायची मला लाज वाटायची. म्हणून माझ्या बाकड्यापासून अंगणावरून थेट स्वयंपाकघरापर्यंत दोरी नेली, तिथे खिडकीच्या वर छोटी घंटा टांगली. एकदा ओढली की चहा, दोनदा ओढली की जरा येऊन बघ. गिरणीतून आलो, हातपाय धुतले, रंधा हातात घेतला, की थोड्या वेळाने दोरी ओढायची आणि अंगणातून कपबशीचा आवाज येण्याची वाट बघायची. माझ्या दिवसातली ती सगळ्यात सुखाची वेळ. देवापुढे बसतो तीही सुखाचीच, पण तिथे आपण मागणारे असतो. इथे चहा आपोआप यायचा.

हिवाळ्यापासून तो येईनासा झाला. मी ओढायचो आणि कुणी यायचं नाही. आत जाऊन बघावं तर आई निवांत भाजी निवडत बसलेली. "घंटा वाजलीच नाही," म्हणायची. मी कप्पीला तेल दिलं. दोरी जुनी झाली, ओढ खाते, म्हणून नवी आणली. तरी तेच. मग घंटाच लहान आहे असं ठरवलं आणि बाजारातून चांगली जाडजूड पितळी घंटा आणली, शाळा सुटताना वाजवतात तशी. ओढ टोकापर्यंत पोचते की मध्येच मरते हे मला बाकड्यावरून दिसावं, म्हणून घंटेखाली एक लांब चिंधी बांधली. तुझ्या खोलीच्या जुन्या लाल पडद्याची. आणि काय सांगू, त्या दिवसापासून ओढायचा अवकाश, आई हजर! मी गिरणीत चार जणांना सांगितलं, की दोष दोरीचाच होता, यंत्र असो की माणूस, ओढ नीट पोचली पाहिजे. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. एका संध्याकाळी ड्रायव्हरकाका भिंतीवरून म्हणाले, "अहो, तुमची घंटा वाजली की आमच्याकडची उठून आमच्यासाठी चहा टाकते. मला हल्ली दोन दोन वेळा प्यावा लागतो. जरा आवाज कमी करा, नाहीतर साखर तरी पाठवा."

त्यांचं खरं होतं. म्हणून एका रविवारी, आई न्हाणीत असताना, मी घंटेच्या आतला लोळा काढून आणला. तो आत लोंबणारा पितळी तुकडा गं, जो आपटून घंटा वाजते. त्याला चामड्याची टोपी शिवायची, म्हणजे आवाज मऊ होईल, असा बेत होता. चामडं कापायला घेतलं, कात्री सापडेना, तेवढ्यात पाळण्याच्या एका खुंटीत लक्ष गेलं, आणि नेहमीच्या सवयीने हात वर जाऊन मी दोरी ओढली. ओढल्यावर मलाच हसू आलं. लोळा माझ्यासमोर बाकड्यावर, आणि हा शहाणा घंटा वाजवतो आहे! आईला ही गंमत सांगायची असं मनात म्हणेपर्यंत अंगणात कपबशी किणकिणली. ती दारात उभी होती. म्हणाली, "आले हो, आले! किती जोरात वाजवायची ती घंटा! डोकं उठलं माझं."

ठकू, मी तिच्याकडे बघितलं आणि मग माझा हात आपोआप त्या लोळ्यावर गेला. मी तो मुठीत झाकून घेतला. ती कप ठेवून, पाळण्यावरून हात फिरवून, "छान झालाय" म्हणून निघून गेली. चहावर साय धरली तरी मी तसाच बसून होतो. मुठीत पितळ गरम झालं होतं.

एकदा गाठ सुटली की सुताचा सगळा गुंडा ओघळतो, तसं झालं. टाकी भरून वाहायची, अंगणात तळं व्हायचं, काका भिंतीपलीकडून हाका मारून थकायचे, आणि मी आईवर चिडायचो की मोटर बंद करायला विसरतेस कशी. ती विसरत नव्हती. हल्ली ती येता-जाता मोटरीच्या पाठीवर तळवा ठेवते. मला वाटायचं, काय बाई माया, मोटरीला गोंजारते आहे. चालू आहे की बंद, ते ती हाताने बघत होती. पुढचं दार ती दिवसभर उघडं टाकते म्हणून मी चोरांची भीती घालायचो. उघड्या दाराला कुणी ठोकत नाही, सरळ आत येऊन समोर उभं राहतं, म्हणून ते उघडं होतं. तिने आपली बसायची जागासुद्धा बदलली आहे, पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. आणि फोन! तू किती वेळा रुसलीस, की आई बोलतच नाही, सारखं "माझे हात ओले आहेत, बाबांशी बोल" म्हणते. मी तिची बाजू घेऊन तुला म्हणालो होतो, तिला कामं असतात. तिचे हात कोरडे असायचे गं. मी बघायचो ना, आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

सगळ्यात वाईट वाटलं ते संध्याकाळच्या प्रार्थनेचं. तुला माहीत आहे, मला सूर नाही. शाळेत गुरुजी मला शेवटच्या रांगेत उभं करून म्हणायचे, तू नुसते ओठ हलव, देवाला कळतं. लग्नानंतर आईने मला हाताला धरून सुरात आणलं. मी घसरलो की ती गुडघ्यावर बोटाने टकटक करायची आणि आपला आवाज जरा वर काढून मला ओढून घ्यायची. कितीतरी दिवसांत ती टकटक झालेली नाही. मी समजत होतो की मी सुधारलो. परवा मुद्दाम एक ओळ पार रानात नेली. ती माझ्या ओठांकडे बघत, हसत, आपल्या मनातल्या सुरात म्हणत राहिली.

मुद्दाम केलं म्हणालो. हो, मी अशा परीक्षा घेतल्या. ती पाठमोरी असताना फळी आपटली, ताट पाडलं, एकदा टाळ्या वाजवल्या. जवळून मोठा आवाज झाला तर मान जरा वळते. खोलीच्या पलीकडून काही नाही. पाठीमागून, कुजबुजत, तर काहीच नाही. समोर उभं राहून बोललं तर शब्दही चुकत नाही, इतकी ती तोंड वाचायला शिकली आहे. एकटीच शिकली. मी गिरणीत कापड विणणाऱ्या साच्यांच्या खडखडाटात जन्म काढला, कान जायचे तर माझे जायचे. गुरुजींनी शिकवलं होतं की देवाला नमस्कार करावा, मागणं मागू नये, तो काही दुकानदार नाही. ते मी आजवर पाळलं. आता रोज मागतो. काय मागतो ते लिहीत नाही.

तिला विचारत का नाही, असं तू म्हणशील. तुझ्या आजीला आठव, आईच्या आईला. तिचेही कान असेच, याच वयात, हळूहळू गेले होते. घरात काही गुपित असलं की तिच्यादेखत बोलायचे, आणि तिने विचारलं की "काही नाही, तू जेव." पोरंटोरं मागून जाऊन तोंडाने भोंगा वाजवायची. ती कोपऱ्यात बसून सगळ्यांच्या तोंडांकडे बघत हसायची, न कळताच, कारण सगळे हसत असायचे. तुझी आई एकदा माहेराहून आली ती पिशवीसुद्धा खाली न ठेवता म्हणाली होती, "आंधळ्याला लोक हात देतात, बहिऱ्याला हसतात. माझं असं झालं तर मी कुणाला कळूच देणार नाही." आम्ही दोघंही तेव्हा तरुण होतो. मी हसण्यावारी नेलं. तिने मात्र शब्द पाळला आहे.

आता माझ्या पायाचं. पाय मुरगळला एवढंच मी तुला सांगितलं होतं. मागच्या खोलीच्या पन्हळीत पाला अडकला होता, तो काढायला शिडी लावली. शिडीचा पाय ओल्या फरशीवर होता, ते मी बघितलं होतं, पण दोन मिनिटांचं काम म्हणून चढलो. शिडी सरकली आणि मी दारातच आडवा, पाय शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये अडकलेला, वरून तीच अंगावर. अंगणापलीकडे स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आई आत अर्धवट पाठमोरी, काहीतरी कुटत होती. मी हाक मारली. "अगं, ऐकलंस का!" मग लाज सोडून ओरडलो. मग तिचं नाव घेऊन ओरडलो, ठकू, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती कुटत राहिली. तिच्या खांद्यांची हालचाल मला दिसत होती, मानेवर आलेली बट दिसत होती, इतकी ती जवळ होती. काका गावाला गेले होते, रस्त्यावर कुणी नव्हतं. पाय मोडला असेल, रक्त असेल, हे काही माझ्या मनात नव्हतं. त्या उघड्या खिडकीची मला भीती वाटत होती. दोरी बाकड्याच्या बाजूला लोंबत होती. सरपटत, शिडीसकट, मी तिथवर गेलो आणि ओढली. लोळा अजून माझ्याच खणात होता, घंटा मुकीच होती. पण तिच्या डोळ्यांच्या कडेला लाल चिंधी हलली असणार. ती वळली, आणि हातातलं टाकून धावत आली. मला सोडवून, मांडीवर माझा पाय घेऊन, रडत रडत रागावली, "अहो, हाक तरी मारायची! मी काय लांब होते का?" मी म्हणालो, "लाज वाटली, पडल्याची." ती म्हणाली, "जळली मेली लाज."

त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांपुढे तीच खिडकी आहे. फक्त शिडीखाली मी नाही. तुझं घर आहे, पाळणा एका खोलीत आहे, आई दुसऱ्या खोलीत पाठमोरी काहीतरी करते आहे. माझ्या हाताला दोरी तरी होती. बाळाच्या हाताला काय आहे? रडणं. तेवढंच त्याच्याजवळ आहे, आणि तेच तिच्यापर्यंत पोचत नाही. कधी पांघरूण तोंडावर आलेलं दिसतं, कधी दूध नाकात गेलेलं. गिरणीत साच्यासमोर उभा असतो आणि एकदम हातातलं सूत सुटतं. शेजारचा विचारतो, काय हो, बरं नाही का. मी म्हणतो, ऊन लागलं असेल. छपराखाली कुठलं ऊन.

तिला थांबवायचा प्रयत्न केला. आधी म्हणालो, पाळणा अजून वाळायचा आहे. मग म्हणालो, माझा पाय दुखतो, माझं कोण करील. ती पायाला तेल चोळत म्हणाली, "पायाला तेल लावून जाते, तोंडाला कुलूप लावून जाते, झालं?" तिसऱ्यांदा म्हणालो की मीही रजा काढून येतो, तेव्हा ती उठून उभी राहिली. तशी ती मला कधी बोलत नाही. म्हणाली, "मला अडवू नका. मला माझ्या नातवाला मांडीवर घ्यायचं आहे. तो कसा आवाज करतो ते मला ऐक..." आणि तिथेच थांबली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. जे माझ्या पोटात आहे तेच तिच्या डोळ्यांत होतं. मी म्हणालो, "बरं, जा." दुसरं काय म्हणणार होतो?

आज हे पत्र लिहायला बसायचं कारण सकाळी घडलं. पाळण्याच्या खुंट्या एका पुरचुंडीत बांधून तिच्या बॅगेत ठेवायला गेलो. ती बाहेर कपडे वाळत घालत होती. बॅगेत वर बाळाची दुपटी, टोपडी, सगळं घडी घालून, हात लावायलाही जपावं असं. खुंट्या खाली जाव्यात म्हणून दुपटी उचलली, तर तळाशी दोरी. आपली दोरी, नीट वेटोळं करून ठेवलेली. मी अंगणात जाऊन वर बघितलं. माझ्या बाकड्यापासून कप्पीपर्यंतचा तुकडा तसाच होता, पलीकडचा सगळा तिने कापून नेला होता. परत आत आलो. दोरीच्या एका टोकाला ती लाल चिंधी होती. तिने तिला दुहेरी करून, बारीक टाके घालून, एक कडं शिवलं आहे. मनगटात बरोबर बसेल एवढं. दुसऱ्या टोकाला पाळण्याच्या पायाला अडकवायला फास आहे. पाळणा हलला की तिच्या हाताला ओढ बसावी, अशी ती योजना. माझी आई पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून शिवण करायची, बाळाला झोका मिळावा म्हणून. तुझ्या आईने तीच दोरी उलटी फिरवली आहे. म्हणजे तिला माहीत होतं की तिच्यापुरती घंटा वाजत नाही, चिंधी वाजते. ती माझ्याइतकीच घाबरलेली आहे, आणि माझ्याचसारखी, आपल्या हाताने काहीतरी दुरुस्ती करून निभावून नेऊ बघते आहे. आम्ही दोघं एकाच घरात, एकाच दोरीच्या दोन टोकांना, एकमेकांना कळू न देता. पण ठकू, मी सुतारकाम करतो, मला कळतं. बाळ हातापायांनी खळखळ हललं तरच दोरी ओढेल. ते निपचित पडून रडलं तर? रडता रडता थकलं तर? आणि दोरी तशीही पाळण्याच्या जवळ नसावी. ती योजना धीराची आहे, पण पुरेशी नाही.

म्हणून हे लिहिलं. तिच्या कानांचं कळल्यावर तुझं बाळ घेऊन तू लांब होशील, अशी भीती मला एकदा वाटून गेली, ती मी लिहूनच पुसून टाकतो, कारण तू तशी नाहीस. माझं मागणं एवढंच: रजा थोडी वाढव. आई आली की पहिले काही दिवस बाळाला एकट्या तिच्यावर टाकू नकोस, पण बाळ तिच्या मांडीवरून काढूनही घेऊ नकोस. मांडीवरचं बाळ रडलं तर तिला छातीशी कळतं. तिच्याशी उजेडात, समोर बसून बोल. जावईबापूंनाही सांग, मागून हाक मारू नका. ती एक दिवस ती दोरी बाहेर काढेल. तेव्हा हे काय म्हणून विचारू नकोस, नुसतं दुसरं टोक हातात धर, आणि तिला घेऊन कानाच्या डॉक्टरकडे जा. त्यांच्याकडे कानात बसवायची यंत्रं असतात म्हणे. आजीच्या वेळी कुणी नेलं नाही. मी तुला आधी असंही लिहिणार होतो, की बाबांनी कळवलं हे तिला सांगू नकोस. पण ते आता लिहीत नाही. सुरुवातीला म्हणालो ना, फोन करत नाही कारण आई ऐकेल. इतके दिवस मी तिच्यापासून जे लपवत होतो ते तिला ऐकू जाईल याची भीती मीच घेऊन बसलो होतो, आणि माझी खरी भीती नेमकी तिला ऐकू जात नाही हीच आहे. वेडा आहे तुझा बाप. हे पाकीट बंद करून आज टपालात टाकतो, म्हणजे ती निघायच्या आधी तुला मिळेल, आणि मला माघार घेता येणार नाही. चहाची वेळ झाली आहे. हात सवयीने वर गेला, पण दोरीचा तुकडा हातात आला, पलीकडे काही नाही. स्वयंपाकघरात ती पाठमोरी उभी दिसते आहे. आता अंगण ओलांडून जातो. "ऐकलंस का" म्हणणार नाही. लोळा घेऊन तिच्यासमोर उभा राहतो, ती वर बघेपर्यंत.

तुझाच,
बाबा